नाशिकची ट्राम व तिचें गांवांतील ठाणें

नाशिकच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे संशोधकाची दृष्टि प्रथम पांडवलेण्यांतील शिलालेखांकडे जाते, मग पेशव्यांच्या दप्तराकडे व शेवटीं क्षेत्रोपाध्यायांच्या नामावळींकडे. हा क्रम योग्यच आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा होतो कीं, जी वस्तु कालपरवांची म्हणून कोणी जपली नाहीं, तीच सर्वांच्या आधीं नाहींशी होते. सातवाहनांचा लेख अठराशें वर्षांहून अधिक काळ टिकला. ज्या ट्रामगाडीनें पणजोबा स्टेशनावरून गांवांत आले, तिचें साधें तिकीटहि नाशिककरांपैकीं बहुतेकांनीं पाहिलेलें नाहीं. नाशिकरोड स्टेशनापासून नाशिकच्या मेन रोडपर्यंत चाळीस वर्षांहून अधिक काळ रुळांवरून माणसें जात-येत होतीं, हें सांगितलें असतां आजचा तरुण आश्चर्य करतो. त्या ट्रामसंबंधानें व तिच्या गांवांतील ठाण्यासंबंधानें जें निश्चितपणें सांगतां येतें तें आम्ही येथें एकत्र करीत आहों.

या विस्मृतीचें एक कारण अगदीं साधें आहे. नाशिक जिल्ह्याची माहिती पाहिजे असली म्हणजे आपण सर्वजण मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा भाग उघडतों. कॅंबेलसाहेबांनीं संपादिलेला व पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या लेखवाचनानें समृद्ध झालेला हा ग्रंथ १८८३ सालीं छापला गेला. ट्राम सुरू झाली १८८९ सालीं. पुढें महाराष्ट्र शासनानें नाशिक गॅझेटियरची सुधारलेली आवृत्ति काढली ती १९७५ सालीं. तोंपर्यंत ट्राम बंद पडून चाळीस वर्षें उलटून गेलीं होतीं. एका ग्रंथाच्या पाठीमागून ती जन्मली आणि दुसऱ्याच्या पुष्कळ आधीं ती नाहींशी झाली. आधार म्हणून जे दोन ग्रंथ आपण नित्य वापरतों, त्या दोहोंच्या मधल्या खिंडारांत तिचें सर्व आयुष्य पडलें.

ट्रामची गरज कां पडली, हें समजण्यास आधीं स्टेशन गांवापासून पांच-सहा मैल दूर कां पडलें, हें पाहिलें पाहिजे. पुष्कळ जुन्या क्षेत्रांविषयीं असें सांगण्याची रीत आहे कीं, तेथील ब्रह्मवृंदानें विटाळाच्या भयानें आगगाडी गांवाबाहेर थोपविली. नाशिकपुरतें तरी या समजुतीचें कांहीं प्रयोजन नाहीं. नकाशा पुढें ठेवला म्हणजे पुरे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची गाडी मुंबईहून ठाण्यास गेली ती १६ एप्रिल १८५३ रोजीं. कंपनीचें लक्ष तीर्थाकडे नव्हतें. तें खानदेश-वऱ्हाडच्या कापसाकडे व त्यापलीकडे उत्तर हिंदुस्थानच्या मार्गाकडे होतें. थळ घाट चढून इगतपुरीस आलेल्या मार्गास मनमाड व भुसावळ गांठावयाचें होतें. इगतपुरीहून मनमाडकडे जी सरळ वाट पडते, तिच्या एका बाजूस नाशिक राहतें. यात्रेकरूंसाठीं म्हणून त्या वाटेस वळसा घालणें कंपनीच्या हिशेबांत बसणारें नव्हतें.

तो हिशेब किती काटेकोर होता, हें थळ घाटावरूनच दिसतें. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंतच्या सव्वानऊ मैलांत मार्ग ९७२ फूट चढतो. वाटेंत १३ बोगदे आहेत, आणि चढ कांहीं ठिकाणीं ३७ फुटांस एक फूट असा आहे. हा घाट १ जानेवारी १८६५ रोजीं वाहतुकीस खुला झाला. एवढा खर्च करून वर आलेली कंपनी एका गांवासाठीं मैल वाढवील, अशी अपेक्षाच करूं नये. स्टेशन झालें तें देवळाली गांवाच्या शिवेजवळ. (मुंबईच्या बाजूचें पुढचें स्टेशन देवळालीचें. तेथील छावणींत विलायतेच्या जहाजाची वाट पाहत कंटाळलेल्या गोऱ्या शिपायांनीं त्या गांवाच्या नांवाचा अपभ्रंश करून त्यास आपल्या भाषेंत वेडेपणाचा अर्थ चिकटविला. नाशिक परिसरानें इंग्रजी भाषेस दिलेला हा एक शब्द, असें म्हणावयास हरकत नाहीं.)

आगगाडी आली आणि यात्रेचें स्वरूप बदललें. पूर्वीं कोंकण-मुंबईचा यात्रेकरू आग्रा रस्त्यानें बैलगाडी करून किंवा पायीं घाट चढून येत असे. हा प्रवास दिवसांचा होता. तो आतां एका रात्रीचा झाला. याचा सर्वांत मोठा परिणाम आमच्या मतें सिंहस्थाच्या गर्दीवर नव्हे, तर मृतांच्या क्रियेवर झाला. रामकुंडांत अस्थि विसर्जन करण्यास पूर्वीं दूरच्या माणसास सवडीची वाट पाहावी लागे. अस्थींचें गांठोडें घरांत किंवा झाडास टांगून ठेवावें लागे, व पुढें कोणी यात्रेस निघाला म्हणजे त्याच्याबरोबर तें पाठवावें लागे. आगगाडीनें मुंबईचा मुलगा दहाव्याच्या आंत गोदेवर पोंचूं लागला. ज्या घरांत आयुष्यांत एकदां नाशिक घडे, त्या घरांतून आतां प्रत्येक मृत्यूमागें कोणी ना कोणी येऊं लागलें.

ही गोष्ट केवळ आमच्या तर्काची राहूं नये, म्हणून एक साधन सुचवितों. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळींत यजमानाचें नांव, वडील-आजोबांचीं नांवें, मूळ गांव, बरोबर आलेलीं माणसें व आल्याची तिथि अशी नोंद असते. जुन्या वह्या मोडींत आहेत, अलीकडील बाळबोधींत. आजवर या वह्यांचा उपयोग वंशावळी जुळविण्यासाठीं व क्वचित् एखाद्या सरदाराची सही शोधण्यासाठीं झाला. त्यांतील तिथींचा उपयोग कोणीं फारसा केलेला नाहीं. एकाच घराण्याच्या नोंदी घेऊन १८६५ पूर्वींच्या व नंतरच्या दोन पिढ्यांतील फेऱ्यांचें अंतर मोजलें, आणि त्या नोंदी पर्वकाळीं किती व एरवीं किती पडतात हें पाहिलें, तर आगगाडीनें धर्माचारांत काय बदल केला याचा जो पुरावा हातीं येईल, तो कोणत्याहि सरकारी अहवालांत मिळणारा नाहीं. वह्या खासगी आहेत, व त्या दाखविणें न दाखविणें हा मालकांचा हक्क आहे. परंतु नांवें गाळून नुसत्या तिथि व गांवें उतरून घेण्यास बहुधा कोणी नकार देणार नाहीं.

स्टेशनावर उतरलेला यात्रेकरू पुढें टांग्यानें किंवा बैलगाडीनें गांवांत येई. मधला मुलूख ओसाड व झाडीचा. वाटेंत नासर्डी नदी आडवी. सडे प्रवासी टांग्यांतून निभत. परंतु म्हातारीं माणसें, बायकामुलें, वळकट्या व शिध्याचीं गांठोडीं घेऊन एखादा मोठा परिवार रात्रीच्या गाडीनें उतरला म्हणजे काय होत असेल याची कल्पना करावी. आणि बारा वर्षांनीं सिंहस्थ! १८७२-७३ चा सिंहस्थ हा थळ घाट खुला झाल्यानंतरचा पहिला, १८८४-८५ चा दुसरा. या दुसऱ्या सिंहस्थाच्या अनुभवानंतर लौकरच रुळांची गाडी घालण्याचा उद्योग झाला, हें आम्हांस केवळ योगायोगाचें वाटत नाहीं. तथापि हा कालक्रमावरून केलेला तर्क आहे, कागदावरून नव्हे, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

कायद्याची सोय त्याच सुमारास झाली. मुंबई शहरापुरता ट्रामचा कायदा १८७४ चा होता, व त्याच वर्षीं ९ मे रोजीं मुंबईंत घोड्यांची ट्राम चालूं लागली. परंतु इतर गांवांत सार्वजनिक रस्त्यावर रूळ टाकावयाचे तर सर्वसाधारण कायदा लागे. तो हिंदुस्थान सरकारनें १८८६ सालीं केला. ट्राम घालूं इच्छिणारानें स्थानिक संस्थेच्या संमतीनें प्रांतिक सरकारकडे अर्ज करावा, सरकारनें हुकमाचा मसुदा राजपत्रांत प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती ऐकाव्या, व मग परवानगी द्यावी, अशी त्याची रचना. हा तपशील आम्ही मुद्दाम दिला आहे, कारण शोधाची दिशा त्यावरून ठरते.

कायद्यानंतर तीन वर्षांनीं, १८८९ सालीं, नाशिकची ट्राम बांधली गेली. रुळांमधील अंतर अडीच फूट. एक टोंक नाशिकरोड स्टेशनाशीं, दुसरें गांवांत मेन रोडवर. जेथें पुढें नगरपालिकेची जुनी इमारत म्हणून ओळखली जाणारी वास्तु आहे, तेथून गाडी सुटे. अंतर पांच-सहा मैलांचें, म्हणजे आजच्या मापानें आठ ते दहा किलोमीटर. दोन डबे व ते ओढण्यास चार घोडे, असें वर्णन सर्वत्र आढळतें.

या कामीं सल्लागार इंजिनियर होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. अलीकडे नाशिकच्या ट्रामचा उल्लेख जो थोडाबहुत होतो तो यांच्या नांवामुळेंच होतो, म्हणून त्यांजविषयीं थोडें सविस्तर लिहिणें प्राप्त आहे. कॅलथ्रॉप यांचा जन्म १८५७ चा. १८८२ सालीं ते ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीच्या इंजिनखात्यांत नोकरीस आले. चार वर्षांतच त्यांच्या मनानें घेतलें कीं, मोठ्या मार्गापासून बाजूस पडलेल्या बाजारपेठा व क्षेत्रें यांस लहान व स्वस्त रुळांनीं जोडावें. बार्शी हें गांव त्यांच्या डोळ्यांत विशेष भरलें. १८८९ सालीं, म्हणजे नाशिकची ट्राम झाली त्याच वर्षीं, त्यांनीं कंपनीची चाकरी सोडली. १८९२ सालीं ते विलायतेस परतले, व १८९५ सालीं बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन होऊन १८९७ सालीं बार्शीरोड, म्हणजे आजचें कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली. हाच मार्ग पुढें १९०६ सालीं पंढरपुरास, १९११ सालीं लातुरास व १९२७ सालीं मिरजेस पोंचला. वैमानिकांच्या प्राणरक्षणासाठीं छत्री तयार करण्याच्या कामांतहि याच गृहस्थांचें नांव घेतलें जातें. १९२७ सालीं ते वारले.

आतां, नाशिकची ट्राम म्हणजे बार्शी रेल्वेची जननी, असें जें कोणी कोणी म्हणतात तें कितपत खरें? रूळ दोहोंकडे अडीच फुटांचे, इंजिनियर एकच, व दोहोंचा हेतुहि एकच, म्हणजे मोठ्या मार्गास क्षेत्र जोडणें. एवढें साम्य निर्विवाद आहे. परंतु अडीच फुटांचें माप कॅलथ्रॉप यांनीं शोधून काढलें नाहीं, नाशिकांतहि नाहीं आणि बार्शींतहि नाहीं. बडोदें संस्थानांत डभोई व मियागाम यांच्यामध्यें याच मापाचे रूळ १८६२ सालींच टाकले गेले होते, व त्यांवरील गाड्या आरंभीं बैल ओढीत. जनावरांनीं ओढावयाची अरुंद रुळांची गाडी ही नाशिकच्या सत्तावीस वर्षें आधींची वस्तु ठरते. शिवाय बार्शीचा प्रस्ताव कॅलथ्रॉप यांच्या मनांत १८८६-८७ पासून घोळत होता. नाशिकचें काम त्यानंतरचें. तेव्हां बार्शीची कल्पना नाशिकांत सुचली असें म्हणणें हा कालविपर्यास होईल. ज्या इंजिनियराच्या मनांत बार्शी आधींच होती, त्याच्या हातून प्रत्यक्ष उतरलेलें आरंभींचें काम नाशिकचें, एवढेंच म्हणणें आम्हांस पुराव्यास धरून वाटतें. नाशिकचा अभिमान आम्हांसहि आहे; परंतु न मिळालेला मान ओढून आणण्याची गांवास गरज नाहीं.

दोहोंतील भेदहि लक्षांत घेण्याजोगा आहे. बार्शीस वाफेचीं इंजिनें होतीं व माल होता. परतीच्या गाडीस धान्य, गळित, कापूस मिळे. नाशिकचा धंदा बहुतांशीं माणसांचा, आणि माणसें क्षेत्राच्या हंगामाप्रमाणें कमीअधिक. घोडे मात्र बारा महिने खात. ज्या धंद्याचें उत्पन्न ऋतूंवर व खर्च रोजच्या दाण्यावैरणीवर, तो दुष्काळांत कसा टिकावा? आणि ट्राम होऊन सात वर्षें झालीं नाहींत तोंच १८९६-९७ सालीं सिंहस्थ, दुष्काळ व मुंबईची प्लेग हीं तिन्ही एकदम आलीं. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईंत प्लेग दिसूं लागली. कंपनीनें ज्या सिंहस्थाकडे डोळे लावून रूळ टाकले असतील, तो पहिलाच सिंहस्थ असा गेला. त्यापाठोपाठ १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ. ट्रामच्या तोट्याचें कारण म्हणून दुष्काळ व प्लेग यांचा जो निर्देश केला जातो, तो आम्हांस या कालगणनेशीं जुळणारा दिसतो.

तरीहि ती टिकली. १९०८-०९ चा व १९२०-२१ चा असे आणखी दोन सिंहस्थ तिनें पाहिले. डिसेंबर १९०९ मध्यें विजयानंद नाट्यगृहांत कलेक्टर जॅक्सन यांचा वध झाला, त्या धामधुमीच्या काळींहि गांवांतील व स्टेशनावरील रहदारीचें ती एक अंग होती. या वधानंतरच्या खटल्याचे कागद पुष्कळांनीं राजकारणासाठीं वाचले आहेत. त्या दिवसांत कोण कोणत्या गाडीनें आला व स्टेशनावरून कसा गेला, हे साक्षींतील बारकावे याहि दृष्टीनें पाहण्याजोगे आहेत.

आतां गांवांतील ठाण्याविषयीं. ठाणें हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजला आहे. आगगाडीचें स्टेशन देवळालीच्या शिवेवर असलें, तरी यात्रेकरूचें नाशिक सुरू होई तें मेन रोडवर. तेथें उतरल्यावर गोदावरीचा घाट पायीं थोड्याच अंतरावर. उपाध्याय यजमानास येथें भेटे किंवा स्टेशनावरूनच त्यास धरून आणी, हें ज्याच्या त्याच्या चतुराईवर. ट्रामनें गांवाचें तोंडच फिरविलें, असें म्हटलें तरी चालेल: पूर्वीं आग्रा रस्त्यानें येणारास नाशिक ज्या बाजूनें प्रथम दिसे, ती बाजू आतां मागें पडली, व देवळालीकडची बाजू ही गांवाची दर्शनी बाजू झाली. पेठांतील दुकानदारीवर याचा परिणाम झाला असलाच पाहिजे. घरफाळ्याच्या जुन्या पुस्तकांवरून तो दाखवितां येईल, व हें काम एखाद्या नाशिकनिवासी सभासदानें हातीं घ्यावें.

ट्रामच्या शेवटाविषयीं फार लिहिण्यासारखें नाहीं. १९२५ च्या सुमारास नाशिकरोड येथें सरकारी छापखाना आला व तिकडची वस्ती वाढूं लागली. म्हणजे ज्या वेळीं या मार्गास बारमाही उतारू मिळण्याची प्रथमच आशा दिसूं लागली, त्याच वेळीं मोटारी आल्या. मोटारीस रूळ नको, तबेला नको, व ती उतारूस त्याच्या दारांत सोडी. त्यांत १९२९ नंतरची मंदी. मार्च १९३० मध्यें काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह सुरू झाला, तेव्हां दूरदूरच्या गांवांहून आलेले लोक नाशिकांत जमले. ते ट्रामचे अखेरचे दिवस होते. १९३१ ते १९३३ या दरम्यान ती बंद पडली. १९३२-३३ चा सिंहस्थ नेमका याच अवधींत येतो. तो तिला लाभला कीं चुकला, याचा निकाल एखाद्या तारखेच्या कागदावर अवलंबून आहे.

त्याच सुमारास मुंबईंतहि एक जुनें स्टेशन गेलें. बी. बी. सी. आय. कंपनीचें कुलाब्याचें स्टेशन, जेथून बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या १९२८ पासून धावत होत्या, तें १९३० च्या अखेरीस बंद झालें. लांबच्या गाड्या नव्या मुंबई सेंट्रलला गेल्या व उपनगरच्या गाड्या चर्चगेटला थांबूं लागल्या. परंतु कुलाब्याच्या जाण्यांत व नाशिकच्या जाण्यांत अंतर आहे. कुलाब्याची जागा दुसऱ्या स्टेशनांनीं घेतली, तेथील कागद मोठ्या कंपनीच्या दप्तरांत राहिले, आणि त्याचा इतिहास लिहिला गेला. मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामची जागा १९०७ सालीं विजेच्या ट्रामनें घेतली व ती १९६४ पर्यंत चालली, म्हणून तिच्याहि आठवणी राहिल्या. नाशिकच्या ट्रामचा वारस कोणी झाला नाहीं. लहान कंपनी मोडली म्हणजे रूळ भंगारांत जातात, घोडे बाजारांत जातात, आणि वह्या रद्दींत.

पुढें गांवच ट्रामच्या वाटेनें चालत स्टेशनापर्यंत गेलें. मधल्या वस्तीस तर उपनगर हेंच नांव पडलें. १९८२ सालीं नाशिक, नाशिकरोड-देवळाली व सातपूर या नगरपालिका एक होऊन महानगरपालिका झाली, व जें स्टेशन गांवाबाहेर म्हणून ट्राम घालावी लागली, तें शहराच्या हद्दींत आलें.

शोध कोठें करावा, हें आतां सांगतों. मुंबई सरकारच्या राजपत्रांतील १८८६ ते १८८९ या वर्षांचे अंक प्रथम पाहावे. कायद्याप्रमाणें ट्रामच्या हुकमाचा मसुदा त्यांत आला असला पाहिजे, व त्यांत मार्ग, भाड्याची कमाल मर्यादा आणि रस्त्याच्या दुरुस्तीची जबाबदारी हीं कलमें असावयाचीं. मुंबई येथील राज्य पुराभिलेखागारांतील सार्वजनिक बांधकामखात्याचे रेल्वेविषयक खंड ही दुसरी जागा. नाशिक नगरपालिकेचीं सभावृत्तें ही तिसरी. रूळ नगरपालिकेच्या रस्त्यांतून जात होते, तेव्हां त्यांविषयीं तक्रारी झाल्यावांचून राहिल्या नसतील. परंतु आमची खरी भिस्त आहे ती खासगी संग्रहांवर. आमचे सभासद जुन्या वाड्यांतून दप्तरें आणतात तेव्हां मोडी कागद तेवढे निवडून घेतात, व छापील कागद, तिकिटें, पोस्टकार्डें, छायाचित्रें मागें ठेवतात. असें आम्हींहि पूर्वीं केलें आहे, व त्याची आज खंत वाटते.

विशेषतः १८८९ ते १९३३ या काळच्या घरगुती रोजकीर्दी टाकूं नयेत. त्यांत 'नाशिकरोड जाणें, भाडें' अशी नोंद मिळाली, तर भाडें टांग्याचें कीं ट्रामचें हें तेवढ्यावरून ठरत नाहीं. परंतु टांगा बहुधा सबंध गाडीचा ठरे व ट्रामचें तिकीट माणशीं असे. म्हणून एकाच घराच्या निरनिराळ्या तिथींच्या नोंदींत माणसांच्या संख्येप्रमाणें रक्कम बरोबर पटीनें वाढत असेल, तर ती ट्राम समजावी. माणसें दोन असोत वा चार असोत, रक्कम तीच राहत असेल, तर टांगा. ज्यांच्या संग्रहीं अशा कीर्दी असतील त्यांनीं तिथि, माणसें व रक्कम एवढा उतारा करून मंडळाकडे पाठवावा. मूळ कागद पाठविण्याची आवश्यकता नाहीं.